गच्चीवरून ऐका १९६५ चा बिघडलेला लष्करी उपग्रह

फ्लॉरिडातून ११ फेब्रुवारी १९६५ रोजी टायटन-३ए रॉकेट उडालं. त्याच्या टोकाशी ३१ किलोचा, २६ बाजूंचा एक खोका होता. नाव लिंकन एक्स्पेरिमेंटल सॅटेलाइट-१, बोलीत एलईएस-१. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने तो अमेरिकी लष्करासाठी बांधला होता. एका तळावरून दुसऱ्या तळावर निरोप उपग्रहामार्फत कसे पाठवता येतील, याची चाचणी त्यावर व्हायची होती. रॉकेटने त्याला जवळपास २८०० किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेत सोडलं. तिथून स्वतःची मोटर पेटवून त्याने साडेअठरा हजार किलोमीटरपर्यंत झेपावायचं, असा बेत होता. मोटर पेटलीच नाही. पेटवण्याच्या सर्किटची जोडणी चुकली होती.

झालं, तो तिथेच राहिला. त्याचा जुळा भाऊ एलईएस-२ तीनच महिन्यांत, ६ मे १९६५ ला, ठरल्या कक्षेत पोहोचला आणि कामाला लागला. एलईएस-१ मात्र १९६७ मध्ये गप्प झाला आणि विस्मरणात गेला. पंचेचाळीस वर्षांनी, २०१२-१३ च्या सुमारास, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या फिल विल्यम्स या हौशी निरीक्षकाला २३७ मेगाहर्ट्झवर एक विचित्र सूर सापडला. दर चार सेकंदांनी हेलकावे खाणारा. शोध घेता घेता तो एलईएस-१ पाशी पोहोचला.

हा लेख तो सूर आपल्या गच्चीवरून कसा पकडायचा, यासाठी आहे. आणि यात एक गंमत आहे. ज्या चुकीमुळे तो खाली अडकला, त्याच चुकीमुळे तो आपल्याला सोपा झालाय, कारण तो जवळ राहिला. शिवाय त्याची कक्षा विषुववृत्ताला ३२ अंशांनी कललेली आहे, म्हणजे तो ३२ उत्तर आणि ३२ दक्षिण या अक्षांशांच्या मधेच येरझाऱ्या घालतो. कॉर्नवॉल पन्नास अंशांवर. तिथून तो दक्षिणेकडेच, फार तर चाळीसेक अंश उंच दिसणार. आपण पंधरा ते बावीस अंशांत. आपल्या तर तो डोक्यावरून जातो.

आधी मनात बसवायचं

या उपग्रहाची बॅटरी कधीच संपली. आता सौरपट्ट्यांतून येणारी वीज थेट ट्रान्समीटरला जाते. म्हणजे ऊन हेच त्याचं बटण. उन्हात आला की चालू, पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद. शिवाय तो कोलांट्या खात फिरतो आणि ती न पेटलेली मोटर दर कोलांटीत पट्ट्यांवर सावली टाकते. व्होल्टेज पडतं, चढतं, आणि त्याबरोबर सूरही हलतो. दर चार सेकंदांचा हेलकावा तो हाच. असंच दुसरं उदाहरण म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा ऑस्कार-७. १९७४ चा तो उपग्रह १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन मेला आणि २००२ मध्ये पुन्हा बोलायला लागला. त्याचंही बटण ऊनच.

हे एकदा कळलं की अर्धी लढाई वेळापत्रकाची आहे हे लक्षात येतं. बाकी अर्धी अँटेनाची.

सामान

संगणक किंवा लॅपटॉप. जुना चालेल.

एसडीआर डोंगल: पेन ड्राइव्हसारखा दिसणारा रिसीव्हर, साधारण २५ ते १७५० मेगाहर्ट्झ पकडणारा. घेताना 'टीसीएक्सओ' असलेलाच घ्या. त्यात तापमानाने न भरकटणारा स्फटिक असतो. माझ्या पहिल्या स्वस्त डोंगलचा स्फटिक इतका बेइमान होता की २३७ मेगाहर्ट्झवर तो दहा-बारा किलोहर्ट्झ इकडेतिकडे दाखवायचा. उपग्रहाची सगळी हालचालच सहा-सात किलोहर्ट्झची; मग शोधणार काय?

डोंगलच्या आधी लावायचा छोटा अँप्लिफायर, ज्याला एलएनए म्हणतात. तो संगणकाजवळ लावून उपयोग नाही. अँटेनाच्या बुडाशीच लावायचा, नाहीतर केबलमध्ये कमी झालेला सिग्नल आणि केबलमधला कचरा, दोन्ही सारखेच फुगतात.

केबल आरजी-६. हो, केबल टीव्हीवाल्याचीच. ती ७५ ओहमची असते आणि पुस्तकी लोक ५० चा आग्रह धरतात. पण नुसतं ऐकायचं असेल तर या फरकाने काही बिघडत नाही. उलट बारीक आरजी-५८ पेक्षा तिच्यात सिग्नल कमी गळतो आणि कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

एफएम नॉच फिल्टर: शहरात राहत असाल तर हवाच. जवळच्या एफएम केंद्रांच्या जोराने डोंगल गुदमरतं आणि नसलेले सिग्नल दाखवायला लागतं.

अँटेना, घरी बांधलेली

पूर्वी घराघरांवर दूरदर्शनसाठी माशाच्या काट्यासारख्या अँटेना असायच्या. आपल्याला त्याचंच धाकटं रूप हवंय: तीन काड्यांची यागी. २३७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे १२६ सेंटिमीटर लांब. सगळी मापं त्यातूनच निघतात.

अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा साठ-पासष्ट सेंटिमीटरचा तुकडा घ्या. हा कणा. त्याला आडव्या तीन काड्या. मागची, म्हणजे रिफ्लेक्टर, ६३ सेंटिमीटर. मधली ६०. पुढची, जी उपग्रहाकडे रोखायची, ५६. दोन काड्यांमधलं अंतर २५ सेंटिमीटर. काड्या सहा मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या. हार्डवेअरच्या दुकानात बारा फुटी नळी मागितली तर तिच्यात दोन अँटेना होतात.

मागची आणि पुढची काडी अखंड. पाइपला आरपार भोक पाडून घुसवायची आणि एम-सील लावायचं. मधली काडी मात्र बरोबर मध्यावर कापायची, दोन तुकड्यांत सेंटिमीटरभर फट ठेवायची. केबलची आतली तार एका तुकड्याला, बाहेरची जाळी दुसऱ्याला. अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, त्यामुळे तुकड्यांना बारीक भोक पाडून स्क्रू-वॉशरने तार आवळा. जोडावर पाणी जाता कामा नये. पहिल्या पावसात माझ्या जोडावर हिरवं किटण चढलं होतं. तेव्हापासून वर इन्सुलेशन टेप आणि त्यावर एम-सील, असा दुहेरी बंदोबस्त करतो.

जोडापासून निघणाऱ्या केबलचे लगेच पाच-सहा वेढे घालून ते टाय मारून बांधा. यामुळे केबलची जाळी स्वतःच अँटेना बनून घरातला गोंगाट गोळा करत नाही.

अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळते ते आलेखात दाखवणारं नॅनोव्हीएनए नावाचं छोटं यंत्र मिळालं, स्वतःचं किंवा उसनं, तर मधली काडी नेमक्या २३७ ला बसवता येते. आलेखातली दरी खालच्या फ्रिक्वेन्सीला, समजा २२८ ला दिसली, तर काडी लांब आहे. दोन्ही टोकांकडून थोडी-थोडी कापा. म्हणून सुरुवातीला दीड-दोन सेंटिमीटर जास्तच ठेवावं. यंत्र नसेल तरी वरची मापं पाळली की काम भागतं. यागीचा कान तसा रुंद असतो, रोखताना पाच-सात अंश इकडेतिकडे झालं तरी चालतं.

कायद्याची बाजू

२२५ ते ४०० मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर मुख्यतः लष्करी विमानांचा आहे. आपल्याला त्यातला एकच सूर हवाय, ज्यात कोणाचंही बोलणं नाही. डोंगल फिरवत फिरवत आजूबाजूचं ऐकायचा मोह होईल, तो टाळा. जे संभाषण आपल्यासाठी नाही ते ऐकणं, रेकॉर्ड करणं, पुढे पाठवणं, हे सगळं कायद्याच्या कक्षेत येतं. या पट्ट्यात प्रक्षेपणाचा तर प्रश्नच नाही. छंद पुढे न्यायचा असेल तर हौशी रेडिओ केंद्राचा परवाना काढा. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा परीक्षा घेऊन तो देते, आणि त्यासाठी अभ्यास करताना आजूबाजूच्या जुन्या परवानाधारकांची ओळख होते. ती ओळख परवान्याइतकीच उपयोगी पडते. रिसीव्हर बाळगण्याबाबतचे आजचे नियम काय आहेत, तेही त्यांनाच विचारा.

वेळापत्रक

हा लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि नवखे नेमका इथेच घाई करतात.

जीप्रेडिक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरा. मग सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावरून उपग्रहाची ताजी कक्षामाहिती, म्हणजे टीएलई, उतरवा. एलईएस-१ चा कॅटलॉग क्रमांक १००२, आंतरराष्ट्रीय क्रमांक १९६५-००८सी. नावाने शोधाल तर भाऊबंद सापडतील, त्यामुळे क्रमांकानेच शोधा.

पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा सुमारे १४६ मिनिटांची. पृथ्वीही त्याच दिशेने फिरत असल्याने आपल्या आकाशात तो साधारण दर दोन तास चाळीस मिनिटांनी येतो. म्हणजे दिवसाला सात ते नऊ वेळा. आणि उंची भरपूर असल्याने येतो तो निवांत: चांगली फेरी असेल तर पस्तीस-चाळीस मिनिटं क्षितिजाच्या वर. अंतराळ स्थानक दहा मिनिटांत पळून जातं, त्याच्या तुलनेत हा पाहुणा चहा घेऊन जाणारा. पश्चिमेला उगवतो, पूर्वेला मावळतो.

मी साताऱ्यात राहतो. आमच्या दक्षिणेला अजिंक्यतारा, आणि हा उपग्रह बहुतेक फेऱ्यांत दक्षिणेकडूनच जातो, कारण त्याच्या पट्ट्याचा मोठा भाग आपल्या दक्षिणेला पडतो. किल्ल्याच्या आड गेलेल्या फेऱ्या मी सरळ सोडून देतो. तुम्हीही आपल्या गच्चीवरून दक्षिणेला काय आहे, टाकी, इमारत, डोंगर, ते आधी बघा आणि तीस अंशांपेक्षा उंच जाणाऱ्या फेऱ्याच निवडा.

आता ऊन. २८०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची सावली एका प्रदक्षिणेत जास्तीत जास्त पस्तीस मिनिटं त्याला झाकते. ही सावली मध्यरात्रीच्या बाजूला असते. त्यामुळे रात्री साधारण दहा ते साडेतीन या वेळात तो डोक्यावर असला तरी मुका असण्याची शक्यता फार. गोंगाट कमी म्हणून लोक बरोबर याच वेळी गच्चीवर बसतात आणि 'काहीच येत नाही' म्हणून यागी मोडीत काढतात. दिवसा बसा. किंवा संध्याकाळी, किंवा पहाटे. वर्षातून काही काळ कक्षा अशी वळते की तो सावलीत जातच नाही. तेव्हा रात्रीही चालेल. जीप्रेडिक्ट प्रत्येक फेरीत उपग्रह उन्हात आहे की ग्रहणात, हे दाखवतं. तो रकाना बघितल्याशिवाय जिना चढू नका.

प्रत्यक्ष ऐकताना

पंधरा मिनिटं आधी सगळं चालू करा, म्हणजे डोंगल तापून स्थिर होतं. एसडीआर शार्प किंवा एसडीआर++ यांपैकी कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. मध्य फ्रिक्वेन्सी २३७ वर ठेवू नका, २३७.०५ ठेवा. डोंगल आपल्या मध्यावर एक खोटा खांब उभा करतं आणि तुम्ही त्यालाच उपग्रह समजाल. मोड यूएसबी, म्हणजे अप्पर साइडबँड; संगणकाच्या यूएसबीशी त्याचा संबंध नाही. स्वयंचलित गेन, म्हणजे सिग्नल आपोआप वाढवणं, बंद करून हाताने वाढवत न्या. पडद्यावरचा गोंगाट जिथे नुकताच वर उचलला जातो, तिथे थांबा.

वॉटरफॉल, म्हणजे वरून खाली सरकणारं चित्र, शक्य तेवढं झूम करा. दहा-बारा किलोहर्ट्झची रुंदी दिसली की पुरे. आणि कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. सिग्नल ऐकू येण्याआधी दिसतो.

काय दिसायला हवं? फेरीच्या सुरुवातीला उपग्रह आपल्याकडे येत असतो, त्यामुळे सूर त्याच्या मूळ जागेपेक्षा तीन-सव्वातीन किलोहर्ट्झ वर दिसेल. पहिली काही मिनिटं तो जवळजवळ सरळ उभ्या रेघेसारखा उतरेल. मग डोक्याजवळ येताना रेघ झपाट्याने डावीकडे वळेल. अगदी डोक्यावरून जाणाऱ्या फेरीत सेकंदाला सात हर्ट्झच्या आसपास. पुढे पुन्हा सरळ. पूर्ण चित्र लांबट, झोपाळू 'एस' सारखं. आणि ती रेघ स्वच्छ नसेल. दर चार सेकंदांनी थरथरेल, पुसट होईल, कधी तुटेल. कानाला एखाद्या जुन्या मोटरचा रडवा 'ऊंऽऽ' वाटतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा आई खालून म्हणाली, "वर काय मांजर अडकलंय का?"

यागी हातात धरूनच वळवा. तिपाईची गरज नाही. उपग्रह चाळीस मिनिटांत आकाश ओलांडतो, तेव्हा दोन-तीन मिनिटांनी दिशा थोडी बदलली की पुरतं. सिग्नल कमी झाला तर दिशा बदलण्याआधी यागी मनगटातून नव्वद अंश फिरवून बघा, आडव्याची उभी. कोलांट्या खाणाऱ्या उपग्रहाच्या लहरींचा आडवा-उभा पट बदलत राहतो, आणि नुसतं मनगट फिरवून हरवलेली रेघ परत येते, हे मी कितीदा पाहिलंय.

तो नव्हेच, हे कसं ओळखायचं

मी पहिले दोन आठवडे एका सुंदर रेघेच्या प्रेमात होतो. बरोबर २३६.९९८. स्वच्छ, ठसठशीत. वहीत तारीख-वेळ लिहून ठेवली, एका मित्राला रेकॉर्डिंगही पाठवलं. त्याने एकच प्रश्न विचारला: "हलतो का रे?" हलत नव्हता. तासभर तसाच. जिन्यातला एलईडी दिवा बंद केला आणि रेघ गेली.

तेव्हा पहिली कसोटी डॉप्लरची, म्हणजे उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना सूर सरकण्याची. जे हलत नाही ते जमिनीवर आहे. हलतं पण संथ, एकाच दिशेने, तासनतास, ते चार्जर किंवा तापत जाणारं कुठलंतरी यंत्र. दुसरी कसोटी वेळेची: रेघेचा सर्वांत तिरका बिंदू जीप्रेडिक्टने सांगितलेल्या सर्वोच्च उंचीच्या क्षणाशी जुळला पाहिजे. एखाद-दोन मिनिटांचा फरक चालेल, दहाचा नाही. तिसरी, चार सेकंदांचा हेलकावा. तिन्ही जुळल्या तरच वहीत लिहा.

केबल टीव्हीचाही उपद्रव असतो. डिजिटल केबलच्या वाहक लहरी याच भागातून जातात, आणि गच्चीवर केबलवाल्याचा सडका कनेक्टर असेल तर त्यातून गळती होते. ती बारीक रेघेसारखी दिसत नाही. सगळा पडदाच काही मेगाहर्ट्झभर उचलला जातो, पठारासारखा. उपाय एकच, त्या डब्यापासून लांब जा. मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेलो तेव्हा गोंगाट निम्म्यावर आला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली ती जागाही असल्या माणसनिर्मित कलकलाटापासून दूर म्हणून निवडली गेली. याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास तीही ऐकते. आपल्याला खोडद परवडणारं नाही, पण गावाबाहेरचं माळरान परवडतं.

आणखी एक चकवा: २३६.७५ च्या जवळ जर अत्यंत बारीक, मुळीच न हलणारी रेघ दिसली आणि ती घरातले सगळे दिवे बंद करूनही गेली नाही, तर लगेच झटकू नका. तो एलईएस-५ असू शकतो. १ जुलै १९६७ ला सोडलेला, सुमारे ३३ हजार किलोमीटर वरचा. तोही मेलेला समजला गेला होता. मार्च २०२० मध्ये कॅनडाच्या स्कॉट टिली या निरीक्षकाने तो पुन्हा शोधला. तो इतका संथ सरकतो की आपल्या आकाशात सलग पाचेक दिवस राहतो आणि मग सहाएक दिवस गायब होतो. अँटेना हीच चालते. पण तो खूप दूर, खूप क्षीण. आधी मोठ्या भावाला गाठा.

रेकॉर्डिंग आणि वही

नुसता आवाज रेकॉर्ड करू नका, आयक्यू रेकॉर्डिंग करा, म्हणजे डोंगलने पकडलेला सगळा कच्चा सिग्नल साठवा. नंतर घरी बसून पुन्हा हवं तसं ट्यून करता येतं. डोंगलचा सॅम्पल रेट अडीच लाखांवर ठेवा. सोळा बिटांची फाइल सेकंदाला एक एमबी होते, म्हणजे चाळीस मिनिटांची फेरी अडीच जीबीच्या आत. डीफॉल्ट चोवीस लाखांवर ठेवलंत तर तिचे तेवीस-चोवीस जीबी होतील आणि लॅपटॉप फेरीच्या मध्यावर जागा संपल्याचं सांगेल. अनुभवाने सांगतोय.

वहीत प्रत्येक फेरीला पाच गोष्टी: तारीख, पहिल्यांदा दिसल्याची वेळ, सर्वांत तिरक्या बिंदूची वेळ आणि फ्रिक्वेन्सी, शेवटची वेळ, आणि अँटेना कुठे रोखली होती. वेळ मोबाइलवरून घ्या, भिंतीवरच्या घड्याळावरून नको.

सगळं जमायला लागलं की दोन प्रकारच्या फेऱ्या मुद्दाम निवडा. संध्याकाळी आठ-नऊच्या सुमाराला डोक्यावर येणारी: तो पश्चिमेकडून उन्हात येतो आणि पूर्वेकडे जाता जाता सावलीत शिरतो. रेघ ऐन रंगात असताना सूर खाली घसरतो, डळमळतो आणि काही सेकंदांत संपतो. आणि पहाटे चार ते पाचच्या दरम्यानची, याच्या बरोबर उलट. पश्चिमेकडे यागी रोखून बसायचं, पडदा कोरा. जीप्रेडिक्टवर ग्रहण संपायचा मिनिट येतो. आणि कोऱ्या पडद्यावर मधूनच, कुठेही सुरुवात नसलेली, थंड पडलेल्या स्फटिकामुळे जरा भलत्याच जागी, एक वाकडी रेघ उमटते आणि हळूहळू आपल्या जागेवर येते. माझ्या वहीत अशा अकरा नोंदी आहेत. प्रत्येक वेळी रेघ गणितापेक्षा थोडी उशिरा आली आहे. पट्ट्यांवर पुरेसं ऊन पडायला त्याला तेवढा वेळ लागत असावा.